दुसरी बैठक

त्या हिवाळ्यात इद्रीसभाई परकारांना मी एकदाही नीट बसलेलं पाहिलं नाही. कुवेतमध्ये जाब्रियातल्या आमच्या क्लिनिकात ते आठवड्यातून दोन-तीनदा यायचे. मी लोकांचे कान तपासणारी टेक्निशियन, आणि त्यांचे कान ठणठणीत. म्हणजे माझ्याकडे त्यांचं काहीच काम नव्हतं. तरी यायचे, दारात उभे राहायचे, खुर्ची दाखवली की तिच्या पाठीवर नुसता हात ठेवायचे आणि विचारायचे, "ताई, मेल आला काय?" नाही म्हटलं की जरा घुटमळायचे, मशीनमधून पाणी घ्यायचे, ते न पिताच टेबलावर ठेवायचे आणि परत शुवैखला, आपल्या दुकानात, निघायचे. त्यांचे ते भरलेले पेले मी दिवसभर कुंडीत ओतत असे.

मेल यायचा होता स्वीडनहून. गोथेनबर्गमधल्या अपील कोर्टाने ठरवायचं होतं की त्यांच्या मुलीचं, झरीनचं, अपील ऐकायला घ्यायचं की नाही. आणि त्या अपिलावर त्यांची सहा वर्षांची नात जवेरिया कुणाकडे वाढणार हे अवलंबून होतं. खालच्या कोर्टाने तिला बापाकडे ठेवलं होतं. मेल माझ्याकडे यायचा, कारण झरीनने बापाशी बोलणं टाकलं होतं. का टाकलं, ते पुढे येईल. मी तिच्या जागी असते तर मीही टाकलं असतं.

इद्रीसभाईंची आणि माझी ओळख माझ्या गाडीमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन ऑगस्टात रिंग रोडवर गाडीने वाफा सोडल्या आणि कुणीतरी ती ओढून शुवैखच्या एका रेडिएटरच्या दुकानात नेली. दुकानात हा उंच, काटकुळा, मेंदीने दाढी रंगवलेला माणूस. मी हिंदीत बोलायला लागले तर म्हणाला, "मराठीत बोला ताई, आपण श्रीवर्धनकडचे." मला वाटलं होतं नवा रेडिएटर गळ्यात मारेल. त्यांनी तो काढला, पाण्यात बुडवला, बुडबुडे बघितले आणि म्हणाले, बदलायला कशाला, सांधता येतो. तो सांधा अजून टिकून आहे.

माणसांनाही ते असेच सांधत. कुवेतमध्ये रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानांची बरीच घरं आहेत. त्यांच्यात भांडण झालं, भाऊ-भाऊ असोत की नवरा-बायको, की जुम्म्याची नमाज झाल्यावर दोन्ही बाजू फरवानियात इद्रीसभाईंच्या हॉलमध्ये येऊन बसत. त्यांच्या पत्नी रबियाभाभी बिनदुधाचा सुलेमानी चहा आणि सांदणं देत. मीही कधीमधी कोपऱ्यात बसून ऐकत असे. या बैठकांचा एक कायदा होता, आणि तो इद्रीसभाईंनी सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. पहिल्या बैठकीत साखर. म्हणजे कुणी कुणाचं वाईट बोलायचं नाही, समोरच्याचे चार गुण सांगायचे, चहा प्यायचा आणि उठायचं. खरं काय ते दुसऱ्या बैठकीसाठी राखायचं. पहिल्याच दिवशी सगळं ओकलं तर दार बंद होतं, असं त्यांचं म्हणणं. कुवेतच्या राई भागात भागीदारीत शोरूम चालवणारे दोन भाऊ एकमेकांवर पोलिसात जायला निघाले होते, त्यांना या पद्धतीने यांनी पुन्हा एका ताटात जेवायला बसवलं. मला हा प्रकार कधी पटला नाही. आमच्या लातूरकडे माणूस आधी शिवी घालतो आणि मग चहा पाजतो. पण त्यांचं चालत होतं, लोक मानत होते, मी कोण बोलणार?

इद्रीसभाईंना लहानपणीच्या दोस्तीचाही फार मान होता. अब्बास खतीब त्यांच्याच गावचे. त्यांनीच इद्रीसभाईंना व्हिसा काढून कुवेतला आणलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं, दुकानात चिकटवलं. पुढे दोघांनी बायका आणल्या, एकाच मजल्यावर भिंतीला भिंत लावून घरं घेतली. बाल्कन्याही शेजारी-शेजारी, मधे फक्त एक पत्रा. अब्बासभाईंचा फैसल आणि इद्रीसभाईंची झरीन एकाच शाळेच्या बसमधून गेले आणि पुढे त्यांचं लग्न झालं, तेव्हा कुणाला नवलही वाटलं नाही. फैसलला गोथेनबर्गला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली. झरीन मागोमाग गेली. जवेरिया तिकडेच झाली.

नात चार वर्षांची असताना इद्रीसभाई तिला भेटायला गेले. रबियाभाभींचा गुडघा धड नव्हता म्हणून एकटेच. हिवाळा होता. एका संध्याकाळी ते दुकानातून दूध घेऊन परत आले तर फैसल सोफ्यावर बसून टीव्ही बघतोय आणि काचेच्या दारापलीकडे, बाल्कनीतल्या बर्फात, पायात नुसते मोजे घालून जवेरिया उभी. दाराला आतून कडी. तिने फैसलच्या लॅपटॉपवर सरबत सांडलं होतं. इद्रीसभाईंनी कडी काढली, पोरीला उचललं, तिचे पाय आपल्या काखेत धरले. फैसल टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "चाचा, डिसिप्लिन आहे. प्लीज, मधे पडू नका." झरीन कामावरून आली तेव्हा पोरीने सगळं सांगितलं. झरीनने बापाकडे पाहिलं. बाप मान खाली घालून नातीचे पाय चोळत होता.

हे असं आधीही होत होतं आणि नंतरही झालं. शेवटी झरीन पोरीला घेऊन घराबाहेर पडली आणि दोघं कोर्टात गेली. फैसलने साफ नाकारलं, असं कधी घडलंच नाही म्हणाला. घरात घडलेली गोष्ट, पाहिलेलं दुसरं कुणी नाही. बालवाडीच्या बाईंनी एवढंच सांगितलं की मुलगी बाल्कनीच्या दाराला घाबरते. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच होता, आणि तो शुवैखला रेडिएटर सांधत होता.

झरीनच्या वकीलबाईंनी लागतील त्या परवानग्या काढून व्हिडिओवरून साक्ष घ्यायचं ठरवलं. जागा माझी. कान तपासायची आमची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली बंद पेटी, बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. लॅपटॉप लावून दिला. पडद्यावर स्वीडनचं कोर्ट, कोपऱ्यात उर्दूची दुभाषी. मी म्हटलं, मी थांबते. इद्रीसभाई म्हणाले, "नको ताई, घरचं हाय." मी बाहेर आले आणि काचेतून पाहत राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांचे हात मात्र दिसत होते. संथ, गोल फिरणारे, मधूनच छातीवर जाणारे. बैठकीतले हात होते ते, पण माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

निकाल आला त्या दिवशी झरीनने मला फोन केला आणि त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला. आवाज असा कोरडा की मीच घाबरले. आईच्या स्वतःच्या वडिलांनी सांगितलं आहे की फैसल चांगला बाप आहे, मुलीशी त्याला कधी कठोर वागताना त्यांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे आईच्या म्हणण्याला आधार मिळत नाही. मुलीने बापाकडे राहावं. निकाल लगेच लागू. झरीन म्हणाली, "मौशी, त्यांना सांगा, मी फोन उचलणार नाही." आणि ठेवला.

मी ड्युटी अर्धी टाकून शुवैखला गेले आणि त्या रेडिएटरांच्या ढिगात उभी राहून त्यांना काय वाटेल ते बोलले. नातीपेक्षा दोस्ती मोठी झाली का, असंही विचारलं. ते हातातली कैची तशीच धरून ऐकत होते. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, ती पहिली बैठक होती." मला काही कळेना. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. साक्षीच्या आदल्या जुम्म्याला अब्बासभाई आले होते, म्हणाले होते की कोर्टात कडू बोलू नकोस, पोराला मी ताळ्यावर आणतो. आणि कोर्टाने यांना शपथही दिली नव्हती. तिथला कायदाच तसा, दावा लढणाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाला शपथ देत नाहीत. इद्रीसभाईंनी त्याचा अर्थ असा लावला की शपथ नाही म्हणजे ही नुसती बोलणी. खरं बोलायची जागा पुढे आहे. "आता वरच्या कोर्टात जाऊ. तिथं मी बोलतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांची सवय होती त्यांची. मला राग आला होता, पण त्या माणसाने मुद्दाम मुलीचा गळा कापला असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

मग ती वाट पाहणं सुरू झालं. झरीनच्या वकीलबाईंनी मला इंग्रजीत समजावलं होतं, मी ते त्यांना कितीदा समजावलं त्याला गणती नाही. तिथे खाली जिल्ह्याचं कोर्ट, सर्वात वर सुप्रीम कोर्ट, आणि मधे हे अपील कोर्ट. अपील केलं म्हणून मधलं कोर्ट ऐकतंच असं नाही. अशा दाव्यात आधी त्याची परवानगी लागते. खालच्या निकालात चूक झाली असावी अशी शंका यायला जागा आहे का, ते कागद वाचून ठरवतात, आणि नाही वाटलं तर विषय संपला. ऐकायला घेतलं तर मात्र तेच खरं शेवटचं दार. सुप्रीम कोर्ट फार मोजक्या केसेस घेतं, सगळ्या देशाला ज्यातून काही शिकता येईल अशा. इद्रीसभाई सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पण मधल्या कोर्टात आपल्या ओळखीचं कोण?"

कुवेतमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणूस हेच विचारणार. इथे कामासाठी वास्ता लागतो, कुणीतरी कुणाला तरी सांगणारा. ते वास्ता शोधत फिरले. राईमध्ये स्वीडनच्या गाड्या विकणारं शोरूम आहे, तिथल्या मॅनेजरला भेटून आले. तो निघाला लेबनॉनचा, स्वीडनला कधी गेलाही नव्हता. आमच्या क्लिनिकात स्वीडिश पेशंट आहे का, हे त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं. टायपिंगच्या दुकानात जाऊन अरबीत अर्ज करून आणला, खाली अंगठ्याएवढा शिक्का. तो गोथेनबर्गला पाठवू नका म्हणून मी हातापाया पडले. दुकानात लक्ष नव्हतं. एका टॅक्सीवाल्याचा रेडिएटर उलटा बसवला. रबियाभाभी सांगायच्या की जेवताना मधेच उठतात, बाल्कनीत जातात, पत्र्यापलीकडे बघतात आणि परत येऊन हात धुतात. पत्र्यापलीकडे अब्बासभाईंची बाल्कनी. तिथे रिकामे खोके आणि वाळत घातलेले टॉवेल. मीही काही कमी नव्हते. पेशंटच्या कानाला हेडफोन लावून मी फोनवर मेल बघायला लागले होते, आणि एका म्हातारीने मला झापलं.

मेल आला तो एका साध्या मंगळवारी दुपारी. परवानगी मिळाली. बालवाडीच्या बाईंच्या म्हणण्याकडे खालच्या कोर्टाने पुरेसं लक्ष दिलं नसावं, अशी शंका मधल्या कोर्टाला आली होती. मी शुवैखला फोन केला. इद्रीसभाईंनी आसपासच्या गॅरेजांत बकलावा वाटला. संध्याकाळी क्लिनिकात आले ते इस्त्रीचा कुडता घालून, जशी उद्याच सुनावणी आहे. म्हणाले, "तारीख सांगा ताई. आता मी बोलतो."

मेलचा खालचा भाग मी तोवर नीट वाचला नव्हता. तो वाचला आणि त्यांना बसा म्हटलं. अर्थात ते बसले नाहीत. मी सांगितलं की तुम्हाला बोलवलेलं नाही. मधल्या कोर्टात साक्षीदार पुन्हा येत नाहीत. खालच्या कोर्टात प्रत्येकाच्या साक्षीचं चित्रीकरण होतं आणि मधल्या कोर्टाचे न्यायाधीश तेच लावून बघतात. शब्द तेच, चेहरा तोच.

"म्हणजे तीच फीत?" त्यांनी विचारलं.

"तीच."

"साखरेची?"

मी मान हलवली. ते खोलीतून बाहेर गेले, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पेशंट बघत होते. मग माझ्या दारात येऊन म्हणाले की कुणी कुणाला असं पकडून ठेवतं काय, माणूस एकदा बोलला म्हणजे जन्मभर तेच बोलला काय. मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. त्या दिवशी ते प्याले.

वकीलबाईंना मी विचारलं, काहीच मार्ग नाही का. त्या म्हणाल्या, आहे, पण कठीण आहे. मुलाच्या हिताची केस आहे, तेव्हा गरज पटली तर कोर्ट साक्षीदाराला जादा प्रश्न विचारू देतं. पण आधी त्याने नवीन काय सांगायचं आहे ते कळवावं लागेल, आणि ते फैसललाही कळेल. आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय. हे सगळं मी इद्रीसभाईंना सांगितलं. रबियाभाभी शेजारी होत्या. त्या एवढंच बोलल्या, "कळवा त्यांना." इद्रीसभाई उठून बाल्कनीपर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, कळवा.

फैसलला कळलं तसं अब्बासभाईंनाही कळलं. ते जुम्म्याला हॉलमध्ये आले, एकटे. हे मला रबियाभाभींनी सांगितलं. अब्बासभाई ओरडले नाहीत. त्यांनी जुनी गोष्ट काढली, विमानतळावर इद्रीसला घ्यायला आपण कुणाची गाडी मागून आणली होती ती. मग म्हणाले, तू जे बोलशील ते कोर्टात राहील, पण मी शेजारीच राहतो. इद्रीसभाईंनी त्यांना चहा घ्यायला सांगितलं. अब्बासभाईंनी पेला हातात घेतला, तसाच ठेवला आणि गेले. त्यानंतर कुणी भांडण मिटवायला आलं तर इद्रीसभाई दारातूनच सांगायचे, आता नको, नंतर या.

सुनावणीच्या दिवशी मी त्यांना लॅपटॉप लावून दिला आणि सवयीने बाहेर जायला निघाले. ते म्हणाले, "थांबा ताई." कोर्टाला विचारलं. यंत्र सांभाळायला एक बाई थांबली तर हरकत नाही, असं दुभाषीने सांगितलं. दार लावलं की त्या खोलीत आपला श्वाससुद्धा ऐकू येतो. त्यांचा मला ऐकू येत होता.

आधी कोर्टाने फीत लावली. इद्रीसभाईंना स्वतःला बघावं लागलं. याच खोलीत, याच खुर्चीत बसलेले, संथ हात फिरवणारे इद्रीसभाई उर्दूत सांगत होते की फैसल मला मुलासारखा, घराणं खानदानी, घरात भांड्याला भांडं लागतंच. बाल्कनीबद्दल विचारलं तेव्हा पडद्यावरचे इद्रीसभाई हसले. मी बैठकीत ते हसणं कितीदा पाहिलं होतं. म्हणाले, बाप आहे, मुलीवर जीव आहे त्याचा, मी तसं काही पाहिलं नाही. माझ्या शेजारचे इद्रीसभाई उठून उभे राहिले. मी कुडत्याला धरून त्यांना खाली बसवलं. संपेपर्यंत त्यांनी डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

मग झरीनच्या वकीलबाईंनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. काच, कडी, मोजे, बर्फ, टीव्ही. थोडक्यात सांगितलं, हात गुडघ्यांवर ठेवून.

मग फैसलचा वकील. त्याने अपेक्षित तेच विचारलं, आणि सभ्यपणे विचारलं, म्हणून जास्त लागलं. इद्रीसभाई बैठकांबद्दल सांगायला लागले. आमच्यात पहिल्या वेळेला असं बोलतात, दुसऱ्या वेळेला तसं. दुभाषी अडखळली, तिने पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा सांगितलं, ते आणखी गुंतलं. तिकडे एक न्यायाधीश पुढे वाकून ऐकत होते. इद्रीसभाई मधेच थांबले.

"बाजी, ते सोडा," ते दुभाषीला म्हणाले. "खोटं बोललो असं सांगा."

वकिलाने विचारलं, मग आज खरं बोलताय हे कशावरून? मुलगी हरली म्हणून बोलत असाल.

मला वाटलं, संपलं. इद्रीसभाई पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एका बाजूला फैसल बसलेला, समोर वही, हातात पेन.

"कारण हे मी दोन घरांत पाहिलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा फरवानियात. हा फैसल, तेव्हा जवेरियाएवढाच होता. जुलै महिना. त्याच्या बापाने त्याला बाल्कनीत उभा केला आणि दार लावलं. पायात चप्पल नाय. पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतं. मी माझ्या बाल्कनीतून पाहिलं. पत्र्याच्या वरून त्याला पाणी दिलं. आणि आत येऊन गप बसलो. त्याचा बाप माझा दोस्त. एक शब्द बोललो नाय. तसं पुन्हा झालं, पुन्हा पाणी दिलं, पुन्हा गप. हे मी कुणालाच बोललो नाय, ह्याच्या बापाला नाय, माझ्या बायकोला नाय. आज पहिल्यांदा बोलतोय."

दुभाषीने ते स्वीडिशमध्ये सांगेपर्यंत फैसलने ऐकलं होतं. उर्दू त्याला समजतच होती. त्याने पेन खाली ठेवलं. वकील त्याच्याकडे वळून काही कुजबुजला, त्याने नुसती मान हलवली. कोर्टाने विचारलं आणखी काही सांगायचं आहे का. इद्रीसभाई म्हणाले, नाही, आणि पडदा काळा झाला. मी रडत होते, हे मी लपवत नाही. ते रडत नव्हते. त्यांनी विचारलं, हे पण चित्रात राहिलं ना? मी म्हटलं, राहिलं.

निकाल काही आठवड्यांनी आला. मधे पुन्हा तेच फिरणं, तेच पेले. मधल्या कोर्टाने खालचा निकाल बदलला. जवेरिया आईकडे राहील, एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे. आजोबांनी आपलं म्हणणं बदललं असल्यामुळे त्यांच्या एकट्याच्या शब्दावर फारसं विसंबता येत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचताना मी जरा चाचरले. इद्रीसभाई म्हणाले, बरोबरच लिहिलंय. पण पुढे असंही होतं की बालवाडीच्या बाईंचं सांगणं त्याच्याशी जुळतं, आणि शेवटी वडिलांना, म्हणजे फैसलला, पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी बाल्कनीची गोष्ट नाकारली नाही. फैसल वरच्या कोर्टात गेला नाही. झरीनने त्या संध्याकाळी बापाला फोन केला आणि बाकी काही न बोलता विचारलं, "अब्बू, जेवलात?" रबियाभाभी मला हे सांगताना तीनदा थांबल्या.

अब्बासभाईंनी घर सोडलं नाही, बोलणंही पुन्हा सुरू केलं नाही. आता दोघं लिफ्टमध्ये समोरासमोर आले की एकजण जिन्याने जातो. बैठका बंद आहेत. लोक विचारतात, इद्रीसभाई टाळतात.

परवा माझ्या गाडीचं पाणी बघायला मी शुवैखला गेले होते. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हात आत घालून तसेच उभे राहिले. मग न विचारता म्हणाले की फैसलचा फोन आला होता. मी म्हटलं, शिव्या दिल्या असतील. नाही म्हणाले. आधी नुसता सलाम केला, तब्येत विचारली. मग म्हणाला, चाचा, तुम्ही दिलेलं पाणी मला आठवतं, स्टीलचा पेला होता. मग विचारलं, "पाणी दिलंत. मग अब्बांना का नाही काही बोललात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवून घट्ट केलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं.

"काय नाय. फोन कानाला धरून उभा राहिलो," ते म्हणाले. "तो पण ठेवेना, मी पण ठेवेना."